‘करण्यात येईल’ म्हणजे नेमके कोण करणार?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून-कापून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात) मी २०१६ मध्ये उत्पादन व्यवस्थापक म्हणून रुजू झालो, तिथली रोजची बैठक सकाळी साडेनऊला सुरू व्हायची आणि पावणेअकराच्या पुढे कधीतरी संपायची. ‘संपायची’ हा शब्दही मी उदारपणे वापरतो आहे. खरे तर कुणाचा तरी फोन वाजे, कुणाला ट्रक भरायला जावे लागे, माणसे एकेक करून उठत आणि बैठक आपोआप विरून जाई. आमच्या वसाहतीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे आमचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि शुक्रवारची बैठक तर हमखास दीड तास चाले, कारण बुधवारच्या रात्रपाळीत अडकलेले सगळे विषय त्या दिवशी टेबलावर येत.

पद्धत ठरलेली होती. चौदा माणसे कॉन्फरन्स रूममध्ये बसत आणि प्रत्येक विभागप्रमुख आपापला एक्सेलचा तक्ता वाचून दाखवी. काल किती नग निघाले, किती नाकारले गेले, पत्र्याची कोणती कॉइल (गुंडाळी) आली नाही, कोणता सप्लायर फोन उचलत नाही, हे सारे तक्त्यात लिहिलेले असे आणि तो तक्ता आदल्या रात्रीच सगळ्यांच्या मेलमध्ये पोहोचलेला असे. तरीही तो वाचला जाई, आणि एकजण वाचत असताना उरलेले तेरा जण टेबलाखाली मोबाइल पाहत. चर्चेचे गुऱ्हाळ म्हणतात ते हेच, फरक इतकाच की गुऱ्हाळातून निदान गूळ तरी निघतो.

मी या प्रकाराकडे जवळपास दीड वर्ष दोष म्हणून पाहिलेच नाही. बैठकीच्या टोकाची खुर्ची माझी होती, सगळ्यांत जास्त मीच बोलत होतो, आणि जो सर्वांत जास्त बोलतो त्याला बैठक कधीच लांबलेली वाटत नाही. डोळे उघडले ते एका पंचामुळे, म्हणजे प्रेसमध्ये पत्रा कापणाऱ्या पोलादी अवजारामुळे.

एका ब्रॅकेटच्या ब्लँकिंग डायवर (पंच ज्यात शिरून पत्रा कापतो त्या साच्यावर) तीन दिवसांपासून बर वाढत होता. बर म्हणजे पत्रा कापला गेल्यावर कडेला राहणारी धारदार कोर. ती वाढू लागली, की पंच बोथट झाला आहे किंवा पंच आणि डाय यांमधले अंतर बिघडले आहे, असे कोणताही सेटर, म्हणजे डाय प्रेसवर चढवणारा कारागीर, बोटाने चाचपून सांगू शकतो. आमचे सर्वांत जुने सेटर, ज्यांना अख्खे शॉप काका म्हणते, त्यांनी हे आपल्या सुपरवायझरला सांगितले होते आणि सुपरवायझरने ते बैठकीत मांडलेही होते. मी तेव्हा काय म्हणालो, तेही मला आठवते: “ते बघू आपण, आज आधी डिस्पॅच काढा.” चौथ्या दिवशी दुपारी पंचाचा कोपरा उडाला. राखीव पंच नव्हता. नव्या पंचाचे पोलाद हार्डनिंग (कडक) करून, ते बाहेरून वायरकट करून (विजेच्या तारेने कापून) आणून, डाय पुन्हा प्रेसवर चढवेपर्यंत दोन रात्री गेल्या, आणि ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून शेवटचे ४०० नग आमच्या एचआर अधिकाऱ्यांच्या गाडीच्या डिकीतून पाठवावे लागले.

त्या दुसऱ्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, मी बैठकीची वही मागवली. माझा हेतू फारसा चांगला नव्हता. हा विषय कुणाकडे होता ते शोधून त्याला सकाळी धारेवर धरायचे, एवढेच डोक्यात होते. नोंद सापडली. ती अशी होती: “सदर डायची तपासणी संबंधित विभागाकडून करण्यात येईल.”

मी ते वाक्य चार वेळा वाचले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नव्हती. किंबहुना ते नीटनेटके, कार्यालयीन मराठी होते. पण त्यात माणूसच नव्हता. संबंधित विभाग म्हणजे टूलरूम (डाय बनवणारा आणि दुरुस्त करणारा विभाग) म्हणावी तर डाय प्रेसवर होती, मेंटेनन्स म्हणावा तर डाय त्यांच्या अखत्यारीत येत नव्हती, आणि उत्पादन म्हणावे तर तो मीच होतो. मागची पाने उलटली तर प्रत्येक पानावर तेच: ‘पाठपुरावा करण्यात येईल’, ‘दक्षता घेण्यात यावी’, ‘आवश्यक ती कार्यवाही व्हावी’. जिथे कर्मणी प्रयोग नव्हता तिथे ‘आपण’ होते. मराठीतला हा ‘आपण’ मोठा लबाड शब्द आहे. त्यात बोलणारा आणि ऐकणारे सगळेच येतात, आणि म्हणूनच कामाच्या वेळी त्यातला कुणीच हाती लागत नाही. सकाळी मी कुणालाही धारेवर धरले नाही, कारण धरण्याजोगा माणूस वहीत लिहिलेलाच नव्हता आणि ‘ते बघू आपण’ हे शब्द माझे होते.

त्यानंतर मी जे पहिले पाऊल उचलले ते चुकले, हेही सांगायला हवे. मी हिशेब केला: चौदा माणसे, ऐंशी मिनिटे, म्हणजे रोजचे अठरा तास चाळीस मिनिटे, आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सुमारे ४८५ तास. हा आकडा मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि उद्यापासून बैठक वीस मिनिटांत संपेल, असे जाहीर केले. ती वीस मिनिटांत संपूही लागली. पण पंधरवड्यातच लक्षात आले, की कमी झाली ती फक्त बैठक. बोलणे तेवढेच राहिले होते. जे बोलणे टेबलावर व्हायचे ते आता गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर, जिन्यात आणि माझ्या केबिनच्या दारात होऊ लागले. तिथे निम्मे लोक हजर नसत, त्यामुळे एकाने ठरवलेले दुसऱ्याला दुपारी कळे आणि तो ते संध्याकाळी मोडीत काढी. वेळ कापला म्हणजे बैठक सुधारली, हा समज मला तिथेच सोडावा लागला.

याच सुमारास आमच्याकडे महिन्यातून एकदा येणाऱ्या कंपनी सेक्रेटरी मॅडमशी जेवणाच्या सुट्टीत बोलणे झाले. संचालक मंडळाच्या बैठकीची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते, इतिवृत्ताचा मसुदा बैठकीनंतर पंधरा दिवसांच्या आत सर्व संचालकांना पाठवावा लागतो, आणि १ जुलै २०१५ पासून लागू झालेल्या सचिवीय मानकांनुसार इतिवृत्त तृतीय पुरुषात आणि भूतकाळात, पण ठराव मात्र वर्तमानकाळात लिहायचा असतो, असे त्यांनी सहज सांगितले. मला त्यातला कायदा फारसा उपयोगी नव्हता. सकाळच्या बैठकीला सात दिवसांची नोटीस कोण देणार? पण वाक्य कोणत्या काळात लिहावे याचीही कुणी काळजी घेतलेली आहे, ही गोष्ट मनात राहिली. वर्षातून किमान चार वेळा भरणाऱ्या बैठकीला एवढी शिस्त, आणि ज्या बैठकीवर रोजचा माल अवलंबून आहे तिला काहीच नाही, ही विसंगती होतीच.

दुसरी शिकवण घरची निघाली. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर होतो आणि तिथल्या प्रत्येक विषयपत्रिकेची सुरुवात ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या विषयाने आणि शेवट ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या विषयाने होतो, हे महाराष्ट्रात सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही पाठ असते. आपण त्याला हसतो. पण कारखान्याच्या बैठकीकडे त्या नजरेने पाहिल्यावर ध्यानात आले, की आमच्याकडे पहिला विषय कधीच नसतो आणि पूर्ण बैठक शेवटच्या विषयावर चालते. काल ठरलेल्या गोष्टींचे काय झाले, हे आम्ही एकमेकांना विचारतच नव्हतो.

मग नवी वही केली. तिच्यात चारच रकाने आखले: काय, कोण, कोणत्या तारखेपर्यंत, झाले का. ‘कोण’ या रकान्यात विभागाचे नाव चालणार नाही, दोन नावे चालणार नाहीत, आणि जो माणूस बैठकीत हजर नाही त्याचे नावही चालणार नाही, कारण गैरहजर माणसाच्या गळ्यात काम अडकवणे हा आमच्याकडचा जुना खेळ होता. क्रियापद कर्तरी प्रयोगातच हवे. तारीख चुकली तर ती खोडायची नाही, शेजारी नवी लिहायची; म्हणजे एखादे काम किती वेळा पुढे ढकलले गेले ते कुणी न बोलता दिसेल. बैठकीची सुरुवात कालच्या पानापासून करायची. पहिले आठ दिवस तर फक्त भाषेशीच झटापट झाली. कुणी म्हणे, “ते स्क्रॅपचं करून टाकू,” की मी विचारी, “कोण?” उत्तर येई, “आपणच की साहेब.” मी पुन्हा विचारी. शेवटी लोक चेष्टा करू लागले, कॅन्टीनमध्ये कुणी ‘चहा सांगण्यात यावा’ म्हणाले, की बाकीचे ओरडत, “कोण सांगणार, नाव लिहा!” त्या चेष्टेनेच अर्धे काम केले, असे माझे मत आहे.

विषयपत्रिकेचेही तसेच. पूर्वी फळ्यावर ‘डाय मेंटेनन्स’, ‘कॉइल स्टॉक’, ‘मनुष्यबळ’ असे शब्द लिहिलेले असत, आणि असा नुसता शब्द दिसला की त्या विषयावर ज्याला जे आठवेल ते तो बोले. आता नियम केला, की विषय प्रश्नाच्या रूपात लिहायचा आणि ज्याचा प्रश्न त्याने तो आदल्या संध्याकाळी साडेपाचपूर्वी लिहायचा. ‘कॉइल स्टॉक’ ऐवजी ‘१.६ मिलिमीटरची कॉइल उद्या दुपारपर्यंत आली नाही, तर १६० टनी प्रेसवर कोणता पार्ट चढवायचा?’ असे लिहिले, की चर्चेला कुठे थांबायचे ते आपोआप कळते. उत्तर मिळाले की पुढचा प्रश्न. ज्याला प्रश्न करता येत नव्हता, त्या विषयाची नुसती माहिती असे आणि ती मेलवर पाठवली तरी भागत होते. तक्ते वाचणे याच नियमाने बंद पडले. त्यासाठी वेगळा हुकूम काढावा लागला नाही.

क्षुल्लक विषयांवर माणसे जास्त का बोलतात, याबद्दल पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ मध्ये लिहून ठेवलेले प्रसिद्धच आहे: समिती अणुभट्टीचा खर्च काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद घालते, कारण शेड सगळ्यांना कळते. आमच्याकडे ती जागा कॅन्टीनच्या पोह्यांनी घेतली होती. पोहे कोरडे असतात की तेलकट, शेंगदाणे का कमी झाले, यावर चौदाच्या चौदा जण अधिकाराने बोलू शकत. तो विषय मी कॅन्टीन समितीकडे दिला आणि बैठकीत पोहे शब्द उच्चारणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असे ठरवले. पहिला चहा मलाच पाजावा लागला.

सर्वांत अवघड गेले ते माणसे कमी करणे. बैठक म्हणजे केवळ काम नाही, ती पत आहे, हे मला तोवर उमगलेच नव्हते. चौदापैकी सात जणांचा रोजच्या निर्णयांशी संबंध नव्हता. ते दीड तास बसून एखादे वाक्य बोलत किंवा तेही नाही. त्यांची सुटका झाली म्हणून ते खूश होतील, अशा समजुतीत मी मेल पाठवला आणि मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी स्टोअरचे प्रमुख, ज्यांची नोकरी माझ्या दुप्पट झाली होती, माझ्या केबिनमध्ये आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “साहेब, माझं काही चुकलं का?” मला उत्तर सुचेना. बावीस वर्षे ते त्या टेबलाच्या डाव्या बाजूच्या तिसऱ्या खुर्चीवर बसत आले होते आणि आता खालचा पोरगासा सुपरवायझर आत जाताना त्यांना दिसत होता. मेल पाठवण्याआधी मी प्रत्येकाशी समोरासमोर बोलायला हवे होते. ते मी नंतर केले, पण नंतर केलेल्या बोलण्याला आधीच्या बोलण्याची किंमत येत नाही. वहीतले पान रोज त्यांच्याकडे जाऊ लागले, स्टोअरचा प्रश्न असेल त्या दिवशी ते यायचे असे ठरले, व्यवहार सुरळीत चालला. पण निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला ते पूर्णपणे माफ केले असे मला वाटत नाही, आणि त्यात त्यांचे फारसे चुकलेही नाही.

जागा आणि वेळही बदलली. पहिली पाळी सातला सुरू होते, त्यामुळे साडेआठपर्यंत प्रत्येक प्रेसचा पहिला नग तपासून झालेला असतो. म्हणून वेळ आठ चाळीस ठेवली. जागेबाबत मी आधी हौसेने प्रेस शॉपच्या मध्यभागी फळा लावला होता, पण २५० टनी प्रेस चालू असताना शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही, हे साधे सत्य मी विसरलो होतो. दोन दिवस आम्ही एकमेकांच्या कानात ओरडत बैठक घेतली आणि मग फळा टूलरूमच्या बाहेरच्या पडवीत नेला. तिथे खुर्च्या नाहीत. क्वालिटीची इन्स्पेक्टर आदल्या दिवशीच्या नाकारलेल्या नगांचा लाल क्रेट तिथे आणून ठेवते. आकडा वाचून दाखवणे आणि वाकडा नग हातात घेणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, ‘रिजेक्शन दोन टक्के’ असे ऐकून कुणाची मान हलत नाही, पण क्रेटमधला नग उचलला की तो हातोहात फिरतो आणि कुणीतरी पुटपुटतो, “हे लोकेटरचं काम दिसतंय.” लोकेटर म्हणजे पत्रा डायमध्ये नेमक्या जागी धरणारी पिन.

तरीही काका गप्पच होते. मी त्यांना मुद्दाम बैठकीत घेतले होते, पण ते मागे उभे राहत आणि विचारले, तर “बरोबर आहे साहेब” एवढेच म्हणत. आमचे सुरक्षा अधिकारी निवृत्त सुभेदार आहेत. त्यांच्याशी यावर बोलत असताना ते म्हणाले, की लष्करी न्यायालयात मत देताना हुद्द्याने सर्वांत कनिष्ठ असलेल्या सदस्यापासून सुरुवात करतात, म्हणजे वरिष्ठाचे ऐकून त्याची री ओढायला वावच राहत नाही. मी दुसऱ्याच दिवसापासून तसे सुरू केले. प्रश्न वाचायचा, मग सेटर, मग सुपरवायझर, मग क्वालिटी, आणि मी शेवटी. सांगायला सोपे आहे; प्रत्यक्षात उत्तर माहीत असताना चार मिनिटे तोंड मिटून उभे राहणे मला फार जड गेले. पहिल्या आठवड्यात काका “तुम्ही म्हणाल तसं” म्हणत आणि मी म्हणे, “मी अजून काही म्हटलंच नाही, काका.” नवव्या की दहाव्या दिवशी त्यांनी एका डायबद्दल सरळ सांगितले, “ही आज उतरवा. लॉट पुरा करायच्या नादात पंच जाईल.” डिस्पॅचवाले कुरकुरले, पण आम्ही डाय उतरवली. पंच पाहिला तर कडेला केसाएवढी चीर होती. त्या दिवशी मी काहीच भाषण केले नाही. वहीत ‘काय’ या रकान्याखाली काकांचे वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहिले.

२०२० मध्ये टाळेबंदीनंतर कारखाना पुन्हा सुरू झाला, तेव्हा काही महिने ही बैठक मोबाइलवर घ्यावी लागली आणि जुने सगळे रोग परत आले. माणसे आवाज बंद करून बसत, कोण ऐकतो आहे आणि कोण गाडी चालवतो आहे ते समजेना, आणि वहीत पुन्हा एकदा ‘पाहण्यात येईल’ उगवले. पडवीत पांढऱ्या रंगाने गोल आखून, अंतर ठेवून उभे राहण्याची सोय झाल्यावरच गाडी रुळावर आली. ते गोल आता फिकट झाले आहेत, पण लोक अजूनही सवयीने त्यांच्यातच उभे राहतात.

सगळे जमले असे मात्र नाही. ग्राहकाबरोबरची मासिक आढावा बैठक आजही तीन तास चालते आणि तिथे माझे काही चालत नाही. रोजची बैठक मात्र सात माणसांत, साधारण पंधरा मिनिटांत होते, म्हणजे दिवसाला पावणेदोन तास. ज्या विषयात दोघांचाच संबंध आहे, तो ‘दोघांत बघा’ म्हणून बाजूला काढला जातो. मात्र त्या दोघांपैकी एकाचे नाव आणि तारीख वहीत चढल्याशिवाय नाही. वही सध्या काकांकडे असते. त्यांचे अक्षर मोठे, एका ओळीत चार शब्द मावतील असे, त्यामुळे नोंदी आपोआपच आखूड झाल्या आहेत.

मागच्या महिन्यात राखीव पंचांच्या खरेदीची मंजुरी वरून आणण्याचे काम माझ्या नावावर होते. दिल्ली दौरा, ऑडिट, एकामागून एक काही ना काही निघत गेले. मंगळवारी काकांनी कालचे पान वाचायला घेतले, दोन ओळी वाचल्या आणि तिसऱ्या ओळीवर चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिले. “साहेब, नऊ दिवस झाले,” ते म्हणाले. मी म्हणालो, “शनिवारपर्यंत नक्की आणतो.” त्यांनी जुनी तारीख न खोडता तिच्या शेजारी नवी लिहिली, बोट पुढच्या ओळीवर नेले आणि लाल क्रेटकडे वळले.